फावडं कोण धरणार?

"योजना उत्तम आहे, बाई. पण टाकी भरल्यावर आतलं काढणार कोण? तुमच्यातलं कोणी मिळेल का?"

नानांनी हे रागानं विचारलं नाही. कुत्सितपणेही नाही. कप बशीत ठेवता ठेवता विचारलं, जसं एखादा विचारतो की मांडववाला ओळखीचा आहे का. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली होती. वीसेक माणसं असतील. मी उभी होते. हातात माझा कागद, त्यावर शाळेच्या संडासांची आकृती, त्याखाली खर्चाचा अंदाज. नेहमीसारखं सगळं नीट लिहिलेलं, समास सोडून.

त्यांना वाटलं असावं की मला कळलं नाही. म्हणून त्यांनी खुलासा केला.

"गैरसमज नको हं. तुमच्या माहेरचं परवा कळलं. तुमच्या वडलांना मी लहानपणी पाहिलंय. आमच्या पालघरच्या घरी मागल्या दारानं यायचे. फार प्रामाणिक माणूस. कधी वर मान करून बोलले नाहीत."

वीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांची मॅडम होते. बोईसरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, इस्त्रीची साडी नेसणारी, घड्याळ लावून येणारी मॅडम. एका वाक्यात मी कोणाची तरी मुलगी झाले. एका बाईनं पदर नाकाकडे नेला. तिला स्वतःलाही ते कळलं नसेल. हात आपोआप जातो.

ईशान, तारा, तुम्ही मागच्या महिन्यात फोनवर विचारलंत की आजी, एवढं चांगलं काम झालं, पेपरात फोटो आला, मग फोटोत तू अशी का उभी आहेस, कोणाला मारायला निघाल्यासारखी? तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. लागू दे.

माझे वडील पालघरच्या एका वसाहतीत संडास साफ करायचे. तेव्हाचे संडास म्हणजे खाली टोपली आणि मागच्या बाजूला एक पत्र्याचं झाकण. वडील ते झाकण उचलायचे, टोपली ओढायचे, डोक्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ओतायचे. गल्लीत शिरण्याआधी डबा वाजवायचा, म्हणजे लोक बाजूला होतील. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा त्यांची भाकरी घेऊन गेले. एका घराच्या पायरीवर वडील ओंजळ धरून बसले होते आणि वरून कोणी बाई पाणी ओतत होती. तांब्या हाताला लागू नये म्हणून इतक्या उंचावरून, की निम्मं पाणी त्यांच्या छातीवर सांडत होतं. त्यांनी मला पाहिलं. पाणी पिणं थांबवलं नाही. तहान लागली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तू इंग्रजी शीक. तिथं कोणी विचारणार नाही."

मी शिकले. मिशनच्या शाळेत, वसतिगृहात राहून. बाप काय करतो, या रकान्यात मी 'नोकरी' लिहायची. कॉलेजात 'नोकरी'. लग्न झालं तेव्हाही 'नोकरी होती'. वडील बरोबर होते. कोणी विचारलं नाही. इंग्रजी ही माझी इस्त्रीची साडी होती. ती नेसली की आतलं काही दिसत नसे. तुमच्या बाबाला मी त्याच्या आजोबांचं काम सांगितलं तेव्हा तो नोकरीला लागला होता. त्यानं तुम्हाला सांगितलं नसणार. तो दोष त्याचा नाही, मीच त्याला तसं वाढवलं.

तर त्या व्हरांड्यात, नाना बोलून थांबले तेव्हा, माझ्या तोंडात पहिल्यांदा इंग्रजीच आलं. एक सभ्य, गुळगुळीत वाक्य. ते मी गिळलं.

मग मी म्हणाले, "नाना, ज्याची मुलं वापरतील तो काढील. तुमची देणगी मला नको."

निम्मा खर्च त्यांनी एकट्यानं देऊ केला होता. मी कागदाची घडी घातली आणि बाहेर पडले.

ती शाळा कुठली ते लिहीत नाही. घिवलीहून फार लांब नाही, समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये. शाळेची जागा नानांच्या आजोबांनी दिलेली, म्हणून समितीच्या सभेत नानांना मानाची खुर्ची. त्यांचे स्वतःचे नातू बोईसरला इंग्रजी शाळेत जातात. या शाळेत येतात ती मच्छीमारांची, वाडीत मजुरी करणाऱ्यांची आणि पाड्यावरची मुलं. निवृत्तीनंतर मी तिथं आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवायला जायची. शाळेत एक संडास होता, शिक्षकांचा, त्याला कुलूप. मुलं खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात जायची. मुली जायच्याच नाहीत. सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसायच्या. सातवीतली रंजना, पाड्यावरची, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, महिन्यातले चार-पाच दिवस यायचीच नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, झाडामागं पोरं असतात." एवढंच.

साधा शोषखड्डा तिथं चालत नाही. दोन-तीन हात खणलं की पाणी लागतं, पावसात खड्ड्यातलं वर येतं आणि विहिरीत उतरतं. उन्हाळ्यात तर ओतायलाच पाणी नसतं. म्हणून मी सोनखताचे संडास सुचवले होते. जमिनीच्या वर बांधायचे, पाच पायऱ्या चढून. खाली दोन कप्पे. वापरल्यावर पाणी नाही, मूठभर राख आणि भाताचा तूस टाकायचा. एक कप्पा भरला की बंद करून दुसरा वापरायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत होतं. मग ते फावड्यानं काढायचं. वास नाही, किडे नाहीत. फक्त कोणीतरी काढायचं.

त्या 'कोणीतरी'वरच सगळं होतं.

नानांना नाही म्हटल्यावर मी घरी येऊन नवी वही काढली आणि पहिल्या पानावर नियम लिहिला. जो देणगी देईल, त्यानं फावड्याची एक पाळीही द्यायची. स्वतः. माणूस पाठवून नाही. पाळी नको असेल तर पैसेही नकोत.

आता वाटतं, तो नियम शाळेसाठी नव्हता. माझ्यासाठी होता. मला त्या वीस माणसांकडून काहीतरी वसूल करायचं होतं.

आपल्याकडे देणगी देण्याची एक रीत आहे. पंखा द्यायचा आणि त्याच्या पात्यावर रंगवून घ्यायचं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. त्या शाळेत वर्गखोल्या पाच आणि पंखे चौदा. वीज असते तेव्हा सगळे स्वर्गवासी एकदम गरगर फिरतात. संडासाला मात्र कोणी स्मरणार्थ देत नाही. बोईसरला एमआयडीसीत छोटा कारखाना असलेले एक गृहस्थ, त्यांच्या मुलाला मी शिकवलेलं, हात जोडून म्हणाले, "मॅडम, वडलांचं नाव संडासावर? आई घरात घेणार नाही मला. पंखे देतो ना. सहा देतो."

"फावडं धराल का?"

"काय मॅडम, चेष्टा करता."

मी चेष्टा करत नव्हते. अशी दारं किती झाली ते मोजलं नाही. काहींनी नियम ऐकल्यावर चहासुद्धा विचारला नाही. एक जुना विद्यार्थी, बीडकडचा, कारखान्यात फिटर, तेवढा हसून म्हणाला, "धरतो की. फावड्याचं सर्टिफिकेट देणार का मॅडम? पहिल्यांदाच कशात तरी पास होईन." त्यानं आपल्या शिफ्टमधली चार माणसं आणली. पण कारखान्यातल्या चार माणसांनी शाळेचे संडास होत नाहीत.

एक वर्ष गेलं.

त्या वर्षात रंजना गेली. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर वीटभट्टीवर. मुख्याध्यापक देवरे सरांनी मला ते शाळेच्या फाटकात सांगितलं, आत येण्याची वाटसुद्धा न बघता.

"नानांचे पैसे घेतले असते तर मागच्या जूनमध्येच संडास झाले असते, मॅडम. काढायला आणला असता कोणीतरी. तुमच्या रागापायी पोरगी गेली."

मी म्हणाले, "तिचे आई-बाप दर वर्षी जातात."

"दर वर्षी ती आजीकडे राहायची."

हे खरं होतं. मला माहीत होतं. मी पाड्यावर गेले, आजी भेटली, रंजना नाही. तेव्हाही मी नियम बदलला नाही. हे तुमच्यापासून लपवणार नाही. त्या पोरीचं वर्ष माझ्या वहीखाली दबलं. ती परत आली नाही.

मदत आली ती जिथं मी सर्वांत शेवटी गेले तिथून. मला वाटलं होतं, गरिबांकडे काय मागायचं. हाही एक माजच. जयवंती नावाची मासळी विकणारी बाई, तिच्या दोन मुली शाळेत. बंदरावर टोपली समोर ठेवून बसली होती. मी आकृती दाखवली.

"पायऱ्या कशाला? देवलात चढतात तशा चढायच्या काय हागायला?"

बाजूच्या बायका खिदळल्या. मी समजावलं. राख, तूस, कप्पे. मग नियम सांगितला.

"आनी फावडा आमी धरायचा?"

"हो."

"धरू की. रोज मासलीची आतडी काढतो, आमाला घाण काय नवीन हाय? पैसं थोडं देव, पर पाली दोन लिव. माज्या पोरी दोन हायत." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पर मॅडम, नानांना पन धरायला लावा. ते पन हागतातच ना?"

त्या दिवशी बंदरावर मी किती दिवसांनी हसले.

तेरा बायकांनी नावं दिली. त्यांच्यामागून नवरेही आले, लाजत. गावात ही गोष्ट पसरली आणि मग जे घडलं ते नानांसारख्या माणसाच्याच हातून घडू शकतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं. तालुक्याचे शिक्षणाधिकारी आलेले. त्यांनी भाषणात बायकांचं कौतुक केलं, नाव घेऊन, फावड्यासकट. नाना मानाच्या खुर्चीत बसलेले. त्यांना ते सहन झालं नाही. शाळेत टाळ्या वाजाव्यात आणि त्या त्यांच्यासाठी नसाव्यात, असं कधी झालेलं नव्हतं. ते उठले आणि माइक घेतला.

"या यादीत पहिलं नाव माझं लिहा. लागतील ते उरलेले पैसे मी देतो. आणि फावडंही धरतो. सगळ्यांच्या आधी!"

प्रचंड टाळ्या. हार.

मी वही घेऊन व्यासपीठावर गेले. माइकसमोरच उघडली. "सही करा, नाना. पहिली ओळ मोकळी ठेवलीय."

त्यांनी झोकात सही केली. मोठी, खाली रेघ ओढून.

तुम्हाला वाटेल आजी विरघळली. नाही. मला कळत होतं ते काय करतायत आणि मी काय करतेय. वर्षापूर्वी मी त्यांचे पैसे नाकारले होते, आता घेत होते, कारण आता त्यांच्याबरोबर सही होती. मला त्यांची देणगी नको होती. मला त्यांचा हात हवा होता. फावड्याच्या दांड्यावर.

जूनच्या आत मुलींचे संडास उभे राहिले. पैसे तेवढ्यालाच पुरले; मुलांचे पुढच्या वेळी, असं ठरलं. भिंतीवर जिथं देणगीदारांचा फलक लावतात तिथं मी पेंटरकडून ऑइलपेंटनं यादी रंगवून घेतली. वर लिहिलं, 'सोनखत काढणारे'. खाली नावं, वहीतल्याच क्रमानं. प्रत्येक नावापुढे एक चौकोन. पाळी झाली की चौकोनात पिवळी खूण. नानांना पहिली ओळ आवडली. त्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

पहिला कप्पा भरला, बंद केला. मग दुसरा भरत आला. या एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी पहिला उघडायचा ठरलं. उघडला नाही तर जूनमध्ये संडासाला कुलूप, आणि मुली परत पाणी न पिता. गाव जमलं, पेपरचा फोटोवालाही आला. जयवंती आणि बायका साड्या खोचून आल्या. देवरे सरांनी पॅन्ट दुमडली. पहिली पाळी नानांची. आम्ही थांबलो.

नाना आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मागून टमटममधून एक माणूस उतरला, पन्नाशीच्या पुढचा, हातात स्वतःची बादली.

"माणूस आणलाय," नाना म्हणाले. "पालघरहून. बायकांनी कशाला त्रास घ्यायचा? दोन तासांत मोकळं करील."

तो माणूस भिंतीच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. पाय चपलेतून आपोआप निघतात.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"स्टेशनच्या पलीकडची वस्ती, ताई."

माझी वस्ती. मी जन्मले ती.

"चपला घाला, दादा. आणि इथं बसा." मी मानाची खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

तो बसेना. "नको ताई, शेठ रागावतील." मी हात धरून बसवला. चहा आणवला, त्याची दिवसाची मजुरी हातावर ठेवली. तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, कप हातात, चहा न पिता. मला तेव्हा तो विजय वाटला. आता त्याचा चेहरा आठवतो. त्याला खुर्ची नको होती, काम करून घरी जायचं होतं. मी त्यालाही माझ्या वैरात वापरलं. पण त्याला त्या कप्प्यात उतरू दिलं नाही. ते मात्र पुन्हाही देणार नाही.

जयवंतीनं कप्प्याच्या फळ्या काढल्या. सगळे मागे सरकले. आत काळं, मोकळं, भुसभुशीत खत. जयवंतीनं मूठ भरून नाकाशी नेली. "काय वास नाय! चहाच्या भुकटीवानी हाय." मग सगळे पुढे आले. पोरीसुद्धा.

नानाही वाकून बघायला लागले. बागायतदाराचा डोळा, त्यांना माल कळला.

"अरे वा. चिकूला छान होईल हे. बाई, माझ्या वाडीत दहा गोण्या पाठवा. माझाही वाटा आहेच यात."

मी फावडं उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. दांडा त्यांच्याकडे.

"घ्या ना. पहिली पाळी तुमचीच आहे."

"बाई, वय झालं आता. कंबर धरते."

"एकच फावडं, नाना. एकच. मी चौकोन भरून घेते."

पेपरातला तो फोटो याच वेळचा. माझा हात दुखायला लागला, पण मी खाली केला नाही. ते अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, वैर किती दिवस चालवायचं? माफी हवीय का तुम्हाला माझी?"

"नको. फावडं धरा."

ते वळले. फाटकाकडे चालायला लागले. मागून जयवंती ओरडली, "नाना, फावडा नाय तर निदान घमेला तरी उचला की! पांढरे कपडे मी धुवून देव!" सगळं गाव हसलं. यावेळी हसणं त्यांच्यावर होतं. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

बायकांनी कप्पा रिकामा केला. मीही धरलं फावडं, सत्तरीत, वडलांनी आयुष्यभर जे केलं ते पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. त्यांचं पोट त्यावर होतं. माझं नव्हतं, म्हणून माझ्या हातात फावडं होतं, डबा नव्हता. एवढा फरक मला कळतो. खत शाळेच्या नारळांना गेलं. नानांच्या चिकूला चिमूटही नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी देवरे सर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"नानांचा निरोप आहे. भिंतीवरची पहिली ओळ पुसा. रोज पोरं वाचतात. बाजारात लोक विचारतात, नाना, चौकोन रिकामा कसा? पुसली तर मुलांचे संडास ते एकटे बांधून देतील. उद्या काम सुरू."

"आणि नाही पुसली तर?"

"तर पोरं या पावसाळ्यातही खाजणात जातील, मॅडम." मग उठता उठता, "एकदा रंजनाचं झालं. आता परत?"

उद्या सांगते, म्हणाले. खाजणात साप असतात, भरतीच्या वेळी चिखल गुडघ्यापर्यंत येतो. ती मुलं माझ्या ओळखीची आहेत. मी त्यांना क्रियापदं शिकवते. रात्री विचार केला, सकाळीही केला. शांत डोक्यानं, कागदावर दोन रकाने आखून. आणि तरीही मी नाही म्हणाले.

कारण नानांना संडास बांधायचे नाहीत. त्यांना ती ओळ पुसायची आहे. ती पुसली की आतलं काढायला पुन्हा पालघरहून माणूस येईल, पुन्हा भिंतीच्या कडेला चपला काढील, आणि गाव म्हणेल, चाललंय की सगळं व्यवस्थित. तेवढ्यासाठी मी इंग्रजी शिकले नव्हते.

मुलांचे संडास मी बांधणार. त्याच नियमानं, त्याच वहीतून. उद्या सकाळी मनोरला जायचंय, तिथं दोन जुने विद्यार्थी आहेत, मग माकुणसार. जो फावडं धरील त्याच्याकडूनच घेईन. उशीर होईल. तो उशीर माझ्या नावावर, आणि तो मी कोणापासून लपवणार नाही.

आणि पहिली ओळ राहील. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तिचा रंग आत्ताच फिका पडायला लागलाय. मी पेंटरला बोलावलं नाही. लाल रंगाचा डबा आणि अर्ध्या इंचाचा ब्रश स्वतः आणलाय. परवा जयवंती शिडी धरणार आहे. नानांचं नाव मी पुन्हा गिरवणार, अक्षर अन् अक्षर, आणि चौकोन रिकामा ठेवणार. दर वर्षी. मी असेपर्यंत मी, नंतर जिच्या हातात शिडी आहे ती.